पातळ पात्यांचा सेट

प्रेमराज बऱ्हाटे आणि बादल पावरा यांचं पटत नाही, हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचं उघड वैर झालं ते डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, पाहुण्यांसमोर.

जळगावहून धुळ्याकडे निघालं की पाळधीच्या पुढे, हायवेपासून आत, कापूस आणि केळीच्या शेतांना लागून या क्लबाचं गोल्फचं मैदान होतं. नऊच होल, आणि मार्चनंतर गवत पिवळं पडायचं. तरी शहरातले कारखानदार, डॉक्टर आणि सराफ भल्या सकाळी गाड्या काढून तिथं यायचे. प्रेमराजची डाळमिल होती. वय चोपन्न. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तो आला आणि वर्षभरात क्लबाचा सेक्रेटरी होऊन बसला. खेळापेक्षा कारभार त्याला लवकर जमला.

बादल चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. सतराव्या वर्षी तो नाशिकला गेला आणि तिथल्या गोल्फ मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहू लागला. पुढे काठ्या दुरुस्त करण्याच्या खोलीत शिरला आणि काम शिकला. आता चाळिशी ओलांडली होती. या क्लबात तो शिकवायचाही आणि काठ्याही सांभाळायचा. पत्र्याच्या एका खोलीत त्याचा शिकंजा होता, कोन मोजायचं यंत्र होतं आणि एक जाड रजिस्टर होतं. कामात तो चोख होता, तोंडानं फटकळ. समोरच्याला काय येत नाही हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा आनंद असायचा. तो आनंद लोकांना बरोबर ऐकू यायचा.

गोल्फच्या पिशवीत लोखंडी डोक्याच्या सात-आठ काठ्या असतात, त्यांना आयर्न म्हणतात. सुरुवातीला बादलनंच प्रेमराजला एक सेट निवडून दिला होता. रुंद तळाच्या, पाठीमागून पोकळ कोरलेल्या. त्यात वजन कडेला वाटलेलं असतं, त्यामुळं चेंडू पात्याच्या मध्यावर बसला नाही तरी फार वाकडा जात नाही. प्रेमराजला हळूहळू जमायला लागलं होतं. मग एकदा तो धुळ्याच्या मंडळींबरोबर खेळायला गेला. तिथं अभिमन देवरे नावाचा ट्रॅक्टरचा डीलर होता. त्यानं प्रेमराजची काठी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, "प्रेमराजभाऊ, फावडं घेऊन आलात का?"

सगळे हसले. प्रेमराजही हसला. पण घरी येताना एरंडोलपर्यंत तो गाडीत एक शब्द बोलला नाही. दहावी नापास झालेल्या या माणसाला आयुष्यभर लोकांनी जोखलं होतं. आधी बापानं, मग बँकेच्या साहेबांनी, मग सोयऱ्यांनी. आता ट्रॅक्टरवाल्यानं.

महिन्याभरानं त्याच्या साडूनं दुबईहून नवा सेट आणला.

त्या रविवारी धुळ्याचे चौघे पाहुणे आले होते, त्यांत अभिमनही होता. क्लबाच्या अध्यक्ष डॉक्टर सुनंदा कोल्हेही तिथं होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. प्रेमराजनं व्हरांड्यातल्या टेबलावर खोका उघडला. आत चकचकीत, सुरीसारख्या पातळ पात्याच्या आठ काठ्या होत्या.

"मोठे मोठे खेळाडू हेच वापरतात," प्रेमराज म्हणाला. मग त्यानं हाक मारली, "ए बादल! इकडे ये. हे माझ्या उंचीला बसवून दे. कोन काय ठेवायचा ते कागदावर लिहिलंय."

बादलनं एक काठी उचलली. पात्यावर अंगठा फिरवला. प्रेमराजला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्याच्या खोलीत बोलावून, चहा देऊन सांगता आलं असतं. तो तिथंच, सगळ्यांसमोर बोलला.

"भाऊ, हे तुमचे नाहीत."

"म्हणजे? पैसे मी दिलेत."

"घेतले तुम्हीच. पण हे ज्याचा चेंडू दहातून नऊ वेळा मध्यावर बसतो त्याच्यासाठी आहेत. तुमचा दोनदा बसतो. कधी तीनदा."

अभिमन देवरे मोठ्यानं हसला. बाकीच्यांनी तोंडं फिरवली, पण तेही हसताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

प्रेमराजचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "तू वापरतोस का असले?"

"नाशिकला एक वर्ष वापरले. माझा खेळ बिघडला. सोडून दिले."

"तुला नाही जमले म्हणून जगात कोणालाच जमणार नाहीत? डोंगरातून उतरून आलेला माणूस तू. पिशव्या उचलायचास लोकांच्या. मला माझी पायरी दाखवतोस?"

"पायरी नाही, काठी दाखवतोय."

"बादल, पुरे," सुनंदाअक्का म्हणाल्या. "प्रेमराज, तुम्हीही पुरे करा. पाहुणे आलेत."

"अक्का, याला पगार कोण देतं? आपण. आणि हा धुळ्याच्या लोकांसमोर आपली अब्रू काढतो." प्रेमराजनं खोका बादलच्या छातीवर टेकवला. "कागदावर लिहिलंय तसं कर. अक्कल वापरू नकोस."

बादलनं खोका घेतला. खोलीत जाऊन त्यानं कागदाप्रमाणे एकेक काठी शिकंज्यात धरून वाकवली, यंत्रावर मोजली आणि रजिस्टरमध्ये आकडे लिहिले. खाली ओळ घातली : सदस्याच्या सूचनेवरून, माझ्या सल्ल्याविरुद्ध. संध्याकाळी प्रेमराजची सही घेताना त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. प्रेमराजनं न वाचता सही ठोकली आणि पेन टेबलावर फेकलं.

त्यानंतर दोघांमधलं बोलणं बंद झालं. प्रेमराज शिकायला यायचा थांबला. मोबाइलवर व्हिडिओ बघून एकटाच सराव करायचा. पातळ पात्याच्या कडेवर चेंडू बसला की थंडीत हाताला झिणझिण्या येतात, त्या बादलला लांबूनही दिसायच्या. प्रेमराज काठी खाली टाकून मनगट चोळायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि पुन्हा काठी उचलायचा. बादल दाराशी उभा राहून बघायचा. त्याला बरं वाटायचं.

प्रेमराजही गप्प बसला नव्हता. जानेवारीत त्यानं कमिटीपुढे अर्ज ठेवला की बादलची खोली स्टोअरला द्यावी आणि दुरुस्तीची कामं पुण्याला पाठवावीत. अक्कांनी तो मंजूर केला नाही. मग बादलच्या खोलीतला पंखा बिघडला तो दुरुस्त झाला नाही. सुटीचा अर्ज हरवला. भाचीच्या लग्नाला चोपड्याला जायचं होतं, त्याच दिवशी प्रेमराजनं त्याला मैदानावर ड्यूटी लावली. बादलला लग्नाला जाता आलं नाही. बहिणीनं फोनवर त्याला ऐकवायचं ते ऐकवलं. त्या रात्रीपासून प्रेमराजचं नाव काढलं तरी त्याचा जबडा आवळायचा.

रविवारचा खेळ झाला की सदस्य पिशव्या बादलकडे धुवायला ठेवायचे. प्रेमराजची पिशवीही यायची, क्लबाच्या शिपायाच्या हातून. बादल ब्रशनं पाती घासायचा. नव्या पात्यावर चेंडूच्या खुणा स्पष्ट उठतात. डिसेंबरात प्रेमराजच्या खुणा पात्यावर चहूकडे विखुरलेल्या होत्या. जानेवारीच्या शेवटी त्या एका बाजूला गोळा व्हायला लागल्या. काठीचा दांडा जिथं पात्यात शिरतो त्या मानेकडे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सात नंबरच्या काठीवर शेवटची खूण मानेपासून बोटभरही लांब नव्हती.

याचा अर्थ बादलला बरोबर समजत होता. चिडून जोरानं मारायच्या नादात प्रेमराज चेंडूच्या फार जवळ उभा राहायला लागला होता. आणखी थोडं सरकलं की चेंडू पात्यावर बसणार नाही, थेट मानेच्या गोल लोखंडावर बसेल आणि समोर न जाता उजवीकडे काटकोनात सुटेल. असा चेंडू कुठं जाईल, मारणाऱ्यालाही कळत नाही. नाशिकला त्यानं अशा चेंडूनं गाडीची काच फुटलेली पाहिली होती.

शिष्याला हे सांगायचं, हेच त्याचं काम. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं काठी पुसली, पिशवीत ठेवली आणि चेन ओढली. मरू दे, असं तो मनात म्हणाला. धुळ्याच्या मॅचमध्ये सुटू दे. अभिमनसमोर.

जळगाव-धुळे सामना फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी याच मैदानावर होता. दोन्हीकडचे आठ-आठ जण. प्रेमराजची गाठ पडली अभिमनशी. गुण लिहायला बादल त्यांच्याबरोबर चालत होता. पाच होल झाले तोवर प्रेमराज चार हरला होता. अभिमन काही वाईट बोलत नव्हता. प्रत्येक फटक्यानंतर फक्त "अरेरे" म्हणत होता, आणि ते जास्त लागत होतं.

सहाव्या होलाला प्रेमराजनं सात नंबरची काठी काढली. उजव्या अंगाला चाळीस पावलांवर कण्हेरीची रांग होती. प्रेमराज चेंडूजवळ उभा राहिला, आणखी जवळ सरकला. बादलनं त्याचे पाय पाहिले. आत्ता, असं त्याच्या मनात आलं. त्याचे डोळे प्रेमराजच्या पायांवरून अभिमनच्या चेहऱ्यावर गेले. उजवीकडे त्यानं पाहिलंच नाही.

टक् असा कोरडा आवाज झाला. चेंडू कण्हेरीकडे सुटला आणि पलीकडून बाईची किंकाळी आली.

कण्हेरीच्या मागे गुंताबाई पाटील तण उपटत होती. पाळधीची, पन्नाशीची विधवा. मैदान झालं तेव्हापासून ती इथं गवताच्या कामावर होती. जो साधारण सरळ मारतो त्याचा चेंडू तिथं येण्याचं काही कारण नव्हतं. चेंडू डाव्या खांद्याच्या हाडावर बसला होता. ती जमिनीवर बसली होती, हात पोटाशी धरून, आणि तिचा आवाज गेला होता.

सगळ्यांत आधी तिच्याकडे धावला तो प्रेमराज. तिला त्यानंच उठवलं, स्वतःच्या गाडीत बसवलं, जळगावच्या दवाखान्यात नेलं आणि एक्स-रे होईपर्यंत बाहेर उभा राहिला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हे सगळं त्यानं नीट केलं. संध्याकाळी क्लबाच्या व्हरांड्यात येऊन मात्र तो ओरडला, "या हरामखोरानं माझ्या काठ्यांचा कोन बिघडवून ठेवला! मुद्दाम! डिसेंबरपासून डाव धरून बसलाय!"

बादल म्हणाला, "तोंड सांभाळा, भाऊ."

"नाहीतर काय करशील? मारशील?"

बादल दोन पावलं पुढे आला. शिपायानं त्याचा दंड धरला. अक्कांनी दोघांना घरी पाठवलं आणि पुढच्या शनिवारी कमिटीची बैठक बोलावली.

बैठकीला प्रेमराज लेखी तक्रार घेऊन आला होता. बादलला कामावरून काढावं आणि पोलिसात द्यावं, अशी. गुंताबाईलाही अक्कांनी बोलावलं होतं. ती हात गळ्यात बांधून, कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली. सोबत तिची सून ममता होती.

अक्कांनी आठही काठ्या सर्वांसमोर यंत्रावर ठेवायला लावल्या. बादलनं एकेक लावली, अक्कांनी आकडा वाचला आणि रजिस्टरमधल्या आकड्याशी ताडून पाहिला. आठही जुळले. मग त्यांनी रजिस्टरमधली ओळ मोठ्यानं वाचली. सदस्याच्या सूचनेवरून, माझ्या सल्ल्याविरुद्ध.

"ही सही तुमची ना, प्रेमराज?"

प्रेमराजनं सहीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"म्हणजे बादलचा दोष नाही," अक्का म्हणाल्या. "यंत्रात काही नाही, काठीत काही नाही."

बादलनं रजिस्टर मिटलं. तो जिंकला होता. प्रेमराजकडे पाहून हसायचा मोह त्यानं कसाबसा आवरला.

तेव्हा गुंताबाई पहिल्यांदा बोलली. कोणाकडे न पाहता.

"मले एक सांगा. असं व्हनार शे, हे आधी कोनलेच माहीत नव्हतं का?"

अक्का म्हणाल्या, "अपघात होता, गुंताबाई."

"मी तेच इचारी ऱ्हायनू. कोनलेच नही?"

बादल उभा होता. गप्प राहिला असता तर तिथून सुटून गेला असता. त्याच्याविरुद्ध एक कागद नव्हता. पण ती बाई खरंच विचारत होती. तक्रार करत नव्हती, तिला कळून घ्यायचं होतं.

"मला माहीत होतं, मावशी," तो म्हणाला.

"बादल!" अक्का म्हणाल्या.

"मी काठ्या धुतो. तीन आठवडे आधीपासून खुणा मानेकडे सरकत होत्या. चेंडू उजवीकडे सुटणार हे मला कळलं होतं. सांगायचं माझं काम होतं. नाही सांगितलं."

"काबर?" गुंताबाईनं विचारलं.

"राग होता. ह्यांची फजिती व्हावी असं वाटत होतं."

प्रेमराज ताडकन उठला. "ऐका! ऐका सगळे! मी काय सांगत होतो?"

"तू बस!" गुंताबाई त्याच्यावर ओरडली. मिलमालकाला, सेक्रेटरीला तिनं तू म्हटलं आणि तो खाली बसला. मग ती बादलकडे वळली. "तुले माहीत व्हतं आन तू चूप ऱ्हायना? तीन सालपासून मी तुले भाकर देस. मन्हा डब्बामाधली."

"हो, मावशी."

"मावशी म्हनू नको." तिचा आवाज पक्का होता. "तो श्रीमंत शे, त्याले काय! तू तर कामवाला शे ना? तुमना दोन्हीसना भांडनमा मन्हा हात गया. डाक्टर म्हनस आते वर उचलाव नही. मी भाकर कशी थापू?"

बादलनं हात जोडले. ती उठली आणि सुनेला म्हणाली, "चाल." दारात थांबून ती दोघांनाही उद्देशून म्हणाली, "मन्हा घर कोनी येवानं नही. मोसंबी लई येवानं नही, माफी मांगाले येवानं नही."

कमिटीनं जे ठरवायचं ते ठरवलं. गुंताबाईच्या उपचारांचा भार प्रेमराजवर, आणि हात बरा होईपर्यंतची मजुरी क्लबावर. प्रेमराजचं सेक्रेटरीपद गेलं. जोवर बादल लिहून देत नाही की याचा चेंडू सुरक्षित जातो, तोवर त्यानं मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. बादलला शेवटची लेखी ताकीद मिळाली. प्रेमराज बाहेर पडताना बादलच्या अगदी जवळून गेला आणि दातांतून म्हणाला, "तू लिहून देणार आणि मी खेळणार? थुंकतो मी."

बादल एकदा पाळधीला गेला. येऊ नको म्हटलेलं असूनही गेला. ममतानं दार उघडलं, त्याला पाहिलं आणि लावून घेतलं. आतून गुंताबाईचा आवाज आला, "कोन शे?" ममता म्हणाली, "कोनी नही." तो गल्लीत थोडा वेळ उभा राहिला. शेजारच्या ओट्यावरचे म्हातारे त्याच्याकडे बघत होते. मग तो हायवेवर आला आणि जळगावच्या रिक्षात बसला.

गुंताबाई परत कामावर आली नाही. तिच्या जागी दोन बायका लागल्या. त्यांना बादलनं पहिल्याच दिवशी मैदानभर हिंडवून दाखवलं की कोणत्या वेळी कुठं उभं राहायचं नाही. सदस्यांनाही तो आता पात्यावर जे दिसेल ते त्याच दिवशी सांगायला लागला, पण खोलीत बोलावून, दार लोटून. एका सराफानं त्याला विचारलं की इतका बदल कशानं. बादलनं पुढची काठी शिकंज्यात धरली.

प्रेमराज चार महिने धुळ्याला जाऊन खेळला. पण गुंताबाईची गोष्ट तिथं त्याच्या आधी पोचली होती. त्याची पाळी आली की लोक मुद्दाम झाडामागे जाऊन उभे राहायचे. अभिमन तर डोक्यावर पिशवी धरायचा. जुलैतल्या एका मंगळवारी, मैदान रिकामं असताना, प्रेमराज बादलच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"मला काय झेपेल ते दाखव. तुला माहीत आहे मी कशासाठी आलोय."

बादलनं त्याला बसा म्हटलं नाही. कपाटातून त्यानं सरावाच्या तीन काठ्या काढल्या. तिन्ही रुंद तळाच्या, पण एकीचा दांडा हलका, एकीचा जड, एकीचा मधला. बाहेरच्या सरावाच्या पट्ट्यावर दोघे गेले. बादलनं आधी उजवीकडे चालत जाऊन कुंपणापर्यंत कोणी नाही हे पाहिलं, तसाच मागे वळून शिपायालाही आत जायला सांगितलं.

प्रेमराजनं जड काठीनं दहा चेंडू मारले, मग हलकीनं दहा. बादल प्रत्येक फटक्यानंतर पातं बघून एक शब्द बोलायचा. "टोक." "टोक." "मध्य." "मान." तिसऱ्या काठीला मध्य जास्त वेळा आलं.

"ही," बादल म्हणाला. "पाचपेक्षा कमी नंबरच्या, लांब दांड्याच्या घेऊ नका. त्यांच्या जागी जाड, गोल डोक्याच्या घ्या, त्या सोप्या जातात. दोन वर्षं हाच सेट. मधे कोणी काही म्हणालं तरी."

"दोन वर्षं."

"कमीत कमी."

प्रेमराजनं काठी हातात फिरवली. रुंद तळाकडे पाहिलं. घाम त्याच्या भुवयांवरून खाली येत होता. "त्या बाईच्या घरी मी गेलो होतो," तो एकदम म्हणाला. "दार उघडलं नाही."

"मलाही नाही उघडलं."

बादलनं आणखी एक चेंडू पट्ट्यावर ठेवला. मग प्रेमराज म्हणाला, "एक सांगून ठेवतो. तू कागदावर सही केलीस तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. त्या दिवशी धुळेवाल्यांसमोर तू जे बोललास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"माझाही गेलेला नाही," बादल म्हणाला. "अजून चेंडूच्या फार जवळ उभे आहात. अर्धी वीत मागे सरका."

प्रेमराजनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तो मागे सरकला.